सलोनिकेतली स्मिर्ना

ग्रीसमधल्या सलोनिकेच्या धक्क्यावर पाय टेकला तेव्हा मारिगो म्हातारीच्या तोंडून बावीस दिवसांनी शब्द फुटला. समुद्रापलीकडची त्यांची स्मिर्ना जळाली त्या दिवसापासून तिची जी दातखीळ बसली होती ती बोटीवर सुटली नाही, बेटावरच्या छावणीतही सुटली नाही. सून अरेती तिला हाताला धरून फळीवरून उतरवत होती. मोतीबिंदूमुळे म्हातारीला उजेड आणि सावली एवढंच कळायचं. तिनं नाक वर केलं. खारा वारा, भाजलेल्या कॉफीचा वास, पाण्याच्या कडेनं जाणाऱ्या ट्रामची घंटा, हलवेवाल्या ज्यूची हेल काढून दिलेली आरोळी.

"आलो का गं घरी?" तिनं विचारलं.

अरेतीला चार दिवस धड झोप नव्हती. पाठीवर बोचकं होतं आणि मागची माणसं ढकलत होती.

"हो आई," ती म्हणाली. "आलो."

पुढचा काही विचार तिनं केला नव्हता. म्हातारीच्या अंगात जरा त्राण आलं की हे स्मिर्ना नाही म्हणून सांगू, असं ती मनाशी म्हणत राहिली. पण दुसऱ्या दिवशी म्हातारी पोटभर जेवली, तिसऱ्या दिवशी सुनेच्या शिवणीला नावं ठेवायला लागली. आता तोंड उघडून सांगायचं कुणी?

शहरानंही अरेतीला साथ दिली. तसंच अर्धगोल आखात, संध्याकाळी तसाच पाण्यात बुडणारा सूर्य. खाली सपाटीवर बाजार आणि चार भाषांचा गलका, वर टेकडीवर तुर्की मोहल्ला, त्याच्याही वर पडका कोट. सलोनिकाही पाच वर्षांपूर्वी अशीच जळाली होती. बाजारातून जाताना काळ्या भिंती लागायच्या, आणि म्हातारी हात फिरवून म्हणायची, "किती जाळलं गं मेल्यांनी."

निर्वासितांना कुणाला मशिदीत जागा मिळाली, कुणाला नाटकाच्या थिएटरात. या दोघींना टेकडीवर रेशात एफेंदी नावाच्या पोस्टातून निवृत्त झालेल्या कारकुनाच्या घरात एक खोली मिळाली. सरकारी माणूस दारात उभा राहून चिठ्ठी वाचत होता तेव्हा एफेंदींची बायको नेफिसे हानिम ओढणी आवळून जिन्यावर उभी होती. संध्याकाळी मात्र तिनं मसुराच्या आमटीचं भांडं खोलीच्या दाराशी आणून ठेवलं.

"आपण तुर्की मोहल्ल्यात कशा?" म्हातारीनं विचारलं.

"आपलं घर जळालंय ना आई. डागडुजी होईपर्यंत इथं."

नेफिसे दाराशीच होती. तुर्की तिघींनाही यायची, पण हे बोलणं ग्रीकमधलं. तरी चाळीस वर्षं ग्रीक शेजारात काढलेल्या बाईला ते कळलंच, आणि त्यातलं खोटंही. तिनं अरेतीकडे पाहिलं आणि भांडं पुढं सरकवलं. "घ्या मावशी, गरम आहे तोवर."

अरेतीला तंबाखूच्या वखारीत पानं निवडायचं काम लागलं. दिवसभर म्हातारी नेफिसेच्या ताब्यात. दोघींचं चांगलं जमलं, म्हणजे भांडण चांगलं जमलं.

"ही कॉफी आहे की चण्याचं पीठ?"

"चणेच आहेत मावशी. कॉफी तुमच्या राजानं प्यायली."

"आणि तुमच्या सुलतानानं काय ताक प्यायलं?"

रेशात एफेंदी आतल्या खोलीत हसायचे. पावलं मोजत म्हातारी एकटी नळावर जायला शिकली. वळणावरच्या अंजिराशी थांबायची, डावीकडे उतरायची. "या गल्लीत मी लहानपणी दही घ्यायला यायची," ती म्हणायची. कधी कुरकुरायची, की उत्तरेचा हा बोचरा वारा पूर्वी नव्हता. अरेती म्हणायची, जग बदललंय आई, वारंही बदललं.

रोज एक प्रश्न ठरलेला. "आर्गिरिस कधी सुटणार?"

आर्गिरिस म्हणजे अरेतीचा नवरा. जळत्या धक्क्यावर सैनिकांनी जवान पुरुष वेगळे काढले त्यात तोही होता. त्यांना मजूर पलटणीत घालून आतल्या मुलखात चालवत नेलं, एवढंच ठाऊक होतं. दर रविवारी चर्चमध्ये म्हातारी सुनेकडून कागद लिहून घ्यायची. कागदाला दोन रकाने. एकात जिवंतांची नावं, दुसऱ्यात मेलेल्यांची. पाद्री वेदीपाशी ती वाचायचा. जिवंतांत पहिलं नाव आर्गिरिसचं.

मे महिन्यात कैद्यांची एक बोट आली. दोन दिवसांनी अरेतीला नळावर पांडेलिस भेटला, स्मिर्नेतल्या त्यांच्याच गल्लीतला बेकरीवाला. आधी तिनं ओळखलंच नाही. पिंपासारखा माणूस काठीसारखा झाला होता.

"आर्गिरिस?" तिनं विचारलं.

पांडेलिसनं बादली खाली ठेवली. "चौथ्या दिवशी, वहिनी. मनिसा गावाच्या पुढं. रस्त्याच्या कडेला बसला, तो उठला नाही. बसलेल्याला शिपाई उठू देत नव्हते."

अरेती घरी आली ती सांगायचंच असं ठरवून. म्हातारी अंगणात शेंगा सोलत होती. "ऐक," ती म्हणाली, "आज ट्रामची घंटा चांगली वाजतेय. आर्गिरिस याच ट्रामनं येईल बघ, त्याला चालायचा कंटाळा." अरेती तिच्याशेजारी बसली आणि शेंगा सोलायला लागली.

रविवारी कागद लिहिताना तिचा हात थांबला.

"लिहिलंस का?"

"लिहिलं," अरेती म्हणाली. जिवंतांच्या रकान्यात.

उन्हाळा तसाच गेला. आपलं रडणं ती वखारीतच उरकून यायची. तंबाखूच्या धुळीनं तिथं सगळ्यांचेच डोळे लाल असायचे.

शरदात मोहल्ल्यातल्या मुसलमानांना कागद आले. अदलाबदल. इकडचे मुसलमान तिकडे, तिकडचे ख्रिस्ती इकडे. एफेंदींच्या नशिबी स्मिर्ना आली, जिला तुर्क इझमीर म्हणत. नेफिसे गाद्यांची टोकं शिवत बसली होती.

"कसं आहे गं तिथं?" तिनं विचारलं.

अरेतीला खोटं बोलावं लागलं नाही. "अगदी इथल्यासारखं. असाच समुद्र, अशीच टेकडी. दुपारनंतर वारा सुटतो, तो मात्र गोड असतो."

"इतकं सारखं आहे?"

"इतकं."

नेफिसेनं दातानं दोरा तोडला. "मग मला इथं राहू दिलं असतं आणि तुला तिथं, तर कुणाचं काय जळलं असतं?" थोड्या वेळानं आवाज उतरवून म्हणाली, "म्हातारीला सांगून टाक. मी गेल्यावर हे नाटक तुला एकटीला झेपायचं नाही."

"सांगते."

"मे महिन्यापासून सांगतेच आहेस."

डिसेंबरात त्यांची बोट लागली. नेफिसे लेकीकडे चालली आहे, असं अरेतीनं घरी सांगितलं होतं. म्हातारी हट्टाला पेटली. "वर्षभर तिचं मीठ खाल्लं. धक्क्यापर्यंत तरी जाऊ दे."

धक्का गाद्या, पेट्या, कोंबड्यांचे पिंजरे आणि माणसांनी भरला होता. गर्दीचा आवाज ऐकून म्हातारीनं अरेतीचा दंड घट्ट पकडला. असाच आवाज तिनं पूर्वी एकदा ऐकला होता. इतक्यात फळीवर उभा असलेला तांडेल कागद हलवत ओरडला, "इझमीर! इझमीरवाले पुढं या!"

म्हातारी थबकली. "इझमीरला? इझमीरहून इझमीरला कोण जातं?"

माणसं बोचकी उचलून पुढं सरकू लागली.

"नेफिसे." तिनं हवेत हात चाचपला. नेफिसेनं तो धरला. "सुनेला विचारत नाही, तुला विचारते. एका ताटात जेवलो आपण. मी कुठं आहे?"

"सलोनिका आहे हे, मावशी."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

म्हातारीनं मान हलवली. मग चेहरा वळवला, जिथं सून उभी असेल असं तिला वाटलं तिकडे. "आणि माझा आर्गिरिस?"

अरेतीनं सांगितलं. मनिसा, चौथा दिवस, रस्त्याची कडा. बोलायला किती थोडं होतं याचंच तिला नवल वाटलं.

"तुला कधी कळलं?"

"मे महिन्यात."

म्हातारी बोटांवर मोजायला लागली. चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना नाही. सहा महिन्यांची नाही. वर्षाची नाही. "आणि तू त्याला जिवंतांत लिहीत होतीस," ती हळूच म्हणाली. "दर रविवारी. माझ्या देखत."

नेफिसे रडत फळी चढली. रेशात एफेंदी मागं न बघता गेले. बोट सुटेपर्यंत म्हातारी तिथंच उभी राहिली, आणि अरेतीनं हात धरायला गेल्यावर तो तिनं काढून घेतला.

त्या आठवड्यात आर्गिरिसच्या नावानं प्रार्थना झाली. गहू उकडून त्यात बेदाणे, बदाम, डाळिंबाचे दाणे घातले, वर साखर थापली. पाद्र्यानं मृत्यूची तारीख विचारली. अरेती आणि पांडेलिसनं दिवस मोजून एक ठरवली. म्हातारी सगळा वेळ ताठ उभी होती.

त्यानंतर ती सुनेशी एक अक्षर बोलली नाही. खोली एकच, चूल एकच. अरेती ताट पुढं ठेवायची, ती जेवायची. पण नळाची वाट मात्र तिला सापडेना. वर्षभर जी गल्ली तिनं एकटीनं तुडवली तिथं ती भिंतीला धरून चालायला लागली, अंजिराशी पोचून उलट्या बाजूला वळायची. दोनदा पडली. शेजारपाजारचे तिला हाताला धरून आणायचे, आणि ती विचारायची, "हे कुठलं गाव?"

एकच ठिकाण ती विचारत विचारत गाठायची. पांडेलिसनं खालच्या चौकात भट्टी लावली होती, तिथं. तिथं तासभर बसून परतायची. काय बोलायची ते अरेतीला कळायचं नाही, आणि तिनं विचारलंही नाही.

मार्चमध्ये तिला छातीत कफ झाला. अरेतीनं वखारीचं काम सोडून आठ दिवस उशाशी काढले. म्हातारीनं पाणी घेतलं, औषध घेतलं, कूस बदलून घेतली. नवव्या दिवशी दुपारी गेली, भिंतीकडे तोंड करून.

मूठमाती देऊन परतताना पांडेलिस अरेतीबरोबर चालत होता. उतारावर तो थांबला.

"वहिनी, ती माझ्याकडे एकच गोष्ट विचारायला यायची. त्याला शेवटी कुणी पाणी दिलं का. दर वेळी तेच. मी म्हणायचो, दिलं, मी दिलं, माझ्या हातानं. मग ती उठून जायची."

अरेतीनं त्याच्याकडे पाहिलं. "दिलं होतंस?"

पांडेलिसनं टोपी काढली. हातात फिरवली. "आमच्याकडे पाणी होतं कुठं," तो म्हणाला.

अरेती म्हणाली, "बरं केलंस," आणि दोघं उतार उतरू लागली. सकाळी वखारीत परत घेतात का ते बघायला तिला जायचं होतं.