पकडला की सुटला

"दुसरा हात, डॅरेल. हा झाला. आता दुसरा."

डॅरेलने तोच हात पुन्हा वर केला. व्हर्ना हुडाकने मग त्याचा डावा हात धरून जॅकेटच्या बाहीत सरकवला, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि लोकरीची टोपी कानांवर खेचली. टोपीसाठी तिला टाचा उंच कराव्या लागल्या. चव्वेचाळीस वर्षांचा तिचा मुलगा खाली मान घालून उभा होता. जॅकेट शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाचं होतं, बाहीवर चौऱ्याऐंशी आकडा शिवलेला. वर्षातून एकदा, नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला सकाळी, ते कपाटातून बाहेर यायचं.

"आज झाकण टाकायचंय," डॅरेल म्हणाला.

"हो, टाकायचंय."

"मी पकडला होता ना, मॉम?"

या प्रश्नाला व्हर्नाने आजवर कधी उत्तर दिलं नव्हतं. तिने गाडीची किल्ली घेतली आणि त्याला दारातून बाहेर काढलं.

एल्डर रन हे कोळशाच्या खाणींचं गाव. खाणी मिटल्या, काचेचा कारखाना गेला, धडधाकट मुलं पिट्सबर्ग शहराकडे पांगली. मागे उरले म्हातारे आणि शेजारच्या मॅकब्राइड गावाशी असलेलं वैर. ते वैर दरवर्षी थँक्सगिव्हिंगच्या सकाळी दोन शाळांच्या सामन्यात बाहेर पडतं. सामन्याआधी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सगळं गाव न्याहारीला जमतं. पॅनकेक, सॉसेज, कॉफी, आणि पुरुषमंडळींना सकाळी नऊलाही बिअर. न्याहारी आटोपली की भिंतीवर पांढरी चादर टांगायची, दिवे मालवायचे आणि डॅरेल हुडाकचा झेल बघायचा.

झेल सव्वीस वर्षांपूर्वीचा. मॅकब्राइडविरुद्ध सामना संपायला काही सेकंद उरलेले, एल्डर रन चार गुणांनी मागे. चेंडू लांबून मैदानाच्या कोपऱ्यात आला आणि डॅरेलने उंच उडी मारून तो दोन्ही हातांत घेतला. एक पाय रेषेच्या आत टेकला, याबद्दल मॅकब्राइडच्या माणसांनाही शंका नाही. पण पाठोपाठ त्यांचा एक धिप्पाड गडी येऊन आदळला, डॅरेल उताणा पडला आणि चेंडू त्याच्या हातून निसटून घरंगळत गेला. पंचाने हात आडवे हलवले. झेल अपूर्ण, सहा गुण हुकले, सामना गेला.

नियम असा की उडी मारून पकडलेला चेंडू जमिनीवर पडतानाही हातात टिकला पाहिजे. पण पडणं संपलं कधी म्हणायचं? पाय टेकला तेव्हा, पाठ टेकली तेव्हा, की माणूस हलायचा थांबला तेव्हा? एवढ्या एका प्रश्नावर एल्डर रनमध्ये लग्नं मोडता मोडता राहिली होती आणि एक सख्खा भाऊ दुसऱ्याच्या मयतीला गेला नव्हता. कोळसा उगाळावा तितका काळा, हे खाणीतल्या माणसांना कोणी सांगायला नको. तरी ती उगाळत होती.

गस हुडाकने, म्हणजे डॅरेलच्या काकाने, या उगाळण्याला शिस्त लावली. ती फिल्म त्यानेच प्रेक्षकांच्या स्टँडमधून काढलेली. हॉलमधल्या टेबलावर तो लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या ठेवायचा, एकीवर 'पकडला', दुसरीवर 'सुटला'. ज्याने त्याने आपल्या बाटलीचं झाकण एका बरणीत टाकायचं. दरवर्षी मतं मोजायची, दरवर्षी भांडायचं. शेवटचं झाकण डॅरेलचं. त्याच्या हातात झाकण द्यायचं, 'पकडला'च्या बरणीकडे त्याला वळवायचं आणि त्याने ते टाकलं की सगळ्या हॉलने टाळ्या वाजवायच्या. टाळ्या प्रेमाच्याच असत, हे व्हर्ना नाकारत नव्हती. म्हणून तर तिला त्या जास्त झोंबायच्या.

इतकी वर्षं ती स्वयंपाकघरातच थांबली होती. पॅनकेक उलटायचे, भांडी विसळायची, पाठ हॉलकडे. फिल्म तिला बघायची गरज नव्हती. त्या दिवशी ती स्टँडमध्ये चौथ्या रांगेत होती. सगळं मैदान चेंडूकडे बघत होतं आणि ती डॅरेलकडे. त्यानंतर काय झालं ते तिने पाहिलं होतं. फिल्ममध्येही ते होतं, कारण गसने कॅमेरा पुतण्यावरून हलवला नव्हता. पण गस नेमका चेंडू सुटला की फिल्म थांबवायचा, मागे न्यायचा आणि पुन्हा लावायचा. रिमोट तो कुणाच्या हाती देत नसे.

डॅरेल शाळेनंतर सहा वर्षं टायरच्या दुकानात टिकला. मग डोकं दुखू लागलं, उजेड सोसेना, माणसांची नावं जाऊ लागली. बायको चांगली होती, तरी एका हिवाळ्यानंतर गेली. डॉक्टर म्हणाले की असं एका आघाताने होत नाही, लहानपणापासूनचे शेकडो आघात असतात, कुठला नडला ते सांगता यायचं नाही. व्हर्ना नर्सिंग होमच्या धुलाईखान्यात तीस वर्षं चादरी धूत होती, तिला डॉक्टरांशी वाद घालायचा नव्हता. पण तिला त्या आघातांपैकी दोन माहीत होते, पहिला आणि त्यानंतर लगेचचा दुसरा. पहिला खेळातला होता. दुसरा टाळता आला असता, आणि गावात तो कुणी उच्चारलासुद्धा नव्हता.

ऑक्टोबरात तिच्या स्वतःच्या हृदयाने दगा दिला. जड उचलायचं नाही, असं तिला बजावण्यात आलं. डॅरेल न्हाणीघरात पडला की त्याला उठवणार कोण? जानेवारीत त्याला जिल्ह्याच्या सरकारी देखभालगृहात सोडायचं ठरलं, दीड तासावर. हे फक्त गसला माहीत होतं. म्हणजे ही शेवटची न्याहारी. जाण्याआधी तिला एकच हवं होतं. गावाने पुढचं बघावं आणि एका तरी माणसाने म्हणावं की त्या पोराचं आपण वाईट केलं.

हॉलमध्ये नेहमीचंच चाललं होतं. कुणीतरी डॅरेलच्या पाठीवर थाप मारली, कुणी त्याच्या ताटात सॉसेज वाढलं. डॅरेलच्या संघाचे तेव्हाचे कोच टेरिल पुढच्या टेबलाशी बसले होते. ऐंशी उलटलेले, चालायला काठी, पण अंगावर अजून संघाचा स्वेटर. ऑझी बर्केट हा जुना खाणकामगार शेजारी बसून त्यांना चिडवत होता की यंदा 'सुटला'ची बरणी भरली तर न्याहारीची भांडी कोचनी घासायची. दिवे मालवले. व्हर्नाने शेगडी बंद केली, हात पुसले आणि ती पहिल्यांदाच बाहेर येऊन भिंतीशी उभी राहिली.

चादरीवर करडं मैदान उजळलं. चेंडू आला, डॅरेलने उडी मारली, धडक झाली, चेंडू घरंगळला. हॉलमध्ये नेहमीचा हुंकार उठला आणि गसने फिल्म थांबवली.

"चालू ठेव, गस," व्हर्ना म्हणाली.

"मागे घेतोय, थांब."

"मागे नको. पुढे जाऊ दे."

गसने वळून तिच्याकडे बघितलं. तो तिच्याहून वयाने लहान, नवरा गेल्यापासून तिच्या घराचं छप्पर आणि बॉयलर त्यानेच बघितलेलं. "व्हर्ना," तो खालच्या आवाजात म्हणाला, "पोरगं समोर बसलंय. आज नको."

"आज नाही तर कधी? तुला ठाऊक आहे जानेवारीत काय आहे ते."

तिने हात पुढे केला. गसने क्षणभर रिमोट छातीशी धरला, मग तिच्या तळहातावर ठेवला आणि तो खुर्चीत बसला. चादरीकडे त्याने पुन्हा बघितलं नाही.

फिल्म पुढे सरकली. चेंडू चौकटीबाहेर गेला. मैदानावर डॅरेल उताणा पडला होता आणि त्याचा उजवा हात हवेत सरळ ताठ उभा होता, बोटं वाकलेली, जणू चेंडू अजून तिथेच आहे. हात खाली येत नव्हता. आजूबाजूला पंचाशी भांडणं चालू होती, कुणी टोप्या आपटत होतं. पडलेल्या मुलाजवळ कुणीच नव्हतं.

हॉलमध्ये खुर्च्यांचा आवाज थांबला.

"तो उठत नाहीये," डॅरेल म्हणाला. आवाज मोठा होता, लहान मुलाचा असतो तसा. त्याने शेजारच्या ऑझीची बाही ओढली. "त्याला उठवा ना कुणीतरी."

चादरीवर अखेर एक धडधाकट माणूस संघाच्या स्वेटरमध्ये धावत आला. त्याने मुलाला काखेत धरून उभं केलं, शिरस्त्राणावर दोनदा थापटलं. मुलगा चालू लागला आणि थेट मॅकब्राइडच्या खेळाडूंच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. त्या दिवशी स्टँडमध्ये यावर हशा पिकला होता. फिल्ममध्येही तो ऐकू आला, कॅमेऱ्याच्या अगदी जवळचा, गसचा. मग स्वेटरवाल्या माणसाने मुलाचे खांदे धरून त्याला आपल्या बाजूला वळवलं. घड्याळात एक डाव उरला होता. डाव सुरू झाला, चौऱ्याऐंशी नंबर दोन पावलं धावला आणि समोरच्याने त्याला डोक्यानेच उडवलं. या वेळी हात वर आला नाही. तिथे फिल्म संपली.

कुणीतरी दिवे लावले. व्हर्नाने सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. खरंच त्यांना धक्का बसला होता. पोस्टातल्या बाईने तोंडावर हात धरला होता. गस बुटांकडे बघत होता. कोच टेरिल दोन्ही हात काठीच्या मुठीवर ठेवून बसले होते. व्हर्ना वाट बघत राहिली. आता कुणीतरी बोलेल असं तिला मनापासून वाटलं.

ऑझी बर्केट खाकरला.

"मी काय म्हणतो," तो हळूच म्हणाला, "ते हाताचं बघितलंत का? पोराने मूठ उघडलीच नव्हती. म्हणजे चेंडू त्याने सोडला नाही, धडकेने निघाला."

"त्याने काय फरक पडतो? जमिनीला लागल्यावर निघाला ना?" मागून कुणीतरी म्हणालं.

"तीच तर गोष्ट. आधी कोपर टेकलंय. मागे घे रे गस, एकदा कोपर बघू."

पुन्हा खुर्च्या सरकल्या. कोणी कोपर म्हणालं, कोणी पाठ. माणसं दुष्ट नव्हती. एवढं मोठं काही समोर आल्यावर कुठे बघायचं ते त्यांना कळेना, म्हणून ती ओळखीच्या जागी परतली. व्हर्नाला हे कळलं. तिने रिमोट टेबलावर ठेवला आणि डॅरेलला उठवलं.

"अजून झाकण टाकलं नाही," डॅरेल म्हणाला. झाकण कुणीतरी आधीच त्याच्या हातात दिलेलं होतं.

"राहू दे. चल."

कोच टेरिल काठी टेकत त्यांच्या मागे बाहेर आले. गाड्यांच्या आवारात बर्फ कडक झालं होतं. लांब शाळेकडून बँडच्या ढोलांचा आवाज येत होता.

"व्हर्ना, तो म्हणाला होता मला, की मी ठीक आहे," कोच म्हणाले. "मी विचारलं होतं."

"काय विचारलं होतंत?"

म्हाताऱ्याने काठीची मूठ चाचपली. "डाव कुठला, ते विचारलं. त्याने बरोबर सांगितला."

"त्याचं नाव विचारायचं होतंत, कोच."

कोचनी डॅरेलच्या खांद्यावर हात ठेवला, पूर्वी ठेवला होता तसाच, आणि लगेच काढून घेतला. "मला माफ कर" असं ते म्हणतील म्हणून व्हर्ना थांबली. "यंदा आपला संघ कच्चा आहे," एवढंच ते म्हणाले आणि आत वळले. दार उघडलं तसा आतला गलका बाहेर आला, मिटलं तसा थांबला.

व्हर्नाने डॅरेलला गाडीत बसवलं, पट्टा लावला. ती रडली, गाडीच्या टपावर हात ठेवून, उभ्या उभ्या, आणि मग थंडी वाजायला लागली म्हणून थांबली. तिने खिशातून त्याचे हातमोजे काढले. डावा चढला. उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली होती. तिने बोटं उकलायचा प्रयत्न केला. एक बोट जरा हललं, आतल्या झाकणाच्या दातेरी कडा रुतून तळहात लाल झालेला दिसला. त्याने मूठ पुन्हा आवळली.

"पाडला नाही मी," तो म्हणाला.

"नाही पाडलास."

"सगळा वेळ धरलाय."

"दिसतंय मला, बाळा. पकडलायस तू."

त्याने समाधानाने मान हलवली आणि काचेतून बाहेर बघायला लागला. लोक हॉलमधून निघून मैदानाकडे चालले होते, हातवारे करत, हवेत काल्पनिक चेंडू झेलून एकमेकांना दाखवत. व्हर्नाने हातमोजा उलटा करून ताणला, मिटल्या मुठीवरूनच चढवला आणि गाडी सुरू केली.