शेठ धावायला लागले तेव्हापासून

"शेठ, तुमचा फायदाच फायदा आहे ह्याच्यात," उदयसिंग मास्तर दुकानाच्या पायरीवर एक पाय ठेवून म्हणाले आणि बोटांवर मोजायला लागले. "शुगर उतरन. पोट उतरन. गोळ्या अर्ध्या होतीन. आन् वरतून पंधरा-वीस वर्षं जास्तीचे, थे येगळेच."

"आन् लागते काय?" इंदरचंदशेठांनी विचारलं. शेठांची तीच रीत. समोरच्यानं फायदा सांगितला की पुढच्या श्वासात लागत विचारायची.

"लागते काय? एक बुटाचा जोड. आन् रोजचा एक घंटा."

तो तास कुणाच्या दिवसातून निघणार, हे मास्तरांनी सांगितलं नाही. शेठांनीही विचारलं नाही.

ही सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. शिरपुरात मंदिराच्या वाटेवर शेठांचं कापडाचं दुकान. वय अठ्ठावन्न, वजन शहाऐंशी. गादीवरून उठले की गादीच सुस्कारा टाकायची. उदयसिंग मास्तर शाळेत खेळाचे शिक्षक होते. निवृत्तीनंतर पळवायला पोरं उरली नाहीत, म्हणून त्यांनी गावातले शेठलोक धरले. बाकीचे आठवड्यात सुटले. इंदरचंद टिकले. घेतलेला माल परत करायची त्यांना सवय नव्हती.

सुरुवात पहाटे केली. पण पहाटेचं गणित जमेना. पळून घशाला कोरड पडायची आणि सूर्य वर आल्याशिवाय शेठांच्या घरात पाण्याचा थेंबही तोंडात जात नाही. एक दिवस रिसोड रस्त्यावर कडेच्या दगडावर बसले ते बसलेच. दूधवाल्यानं मोटारसायकलवर, दोन कॅनच्या मध्ये अडकवून घरी आणून सोडलं. मंदिरात दोन दिवस लोकांनी विचारलं, "काय शेठ, आज दूध किती?"

तेव्हापासून धावणं संध्याकाळवर गेलं. दुकान पुतण्या वीरेंद्रच्या हवाली करायचं, बूट चढवायचे आणि निघायचं. आल्यावर आंघोळ, मग ताट. सूर्य बुडाल्यावर जेवणही बंद आणि पाणीही बंद. हा नियम शेठांच्या आजोबांच्या आधीपासूनचा. त्यामुळं शेठ घरात शिरले की पानाबाईंचा तवा तापलेला असायचा.

पहिल्या वर्षी तीन किलोमीटर होतं, दुसऱ्या वर्षी पाच. दिवस मोठे झाले की शेठ उन्हं उतरायची वाट बघून उशिरा निघायचे, दिवस लहान झाले की थंडीनं दम वाढायचा आणि अंतर लांबायचं. म्हणजे उन्हाळा असो की हिवाळा, शेठ पाटावर बसायचे आणि सूर्य शेजारच्या गच्चीवरच्या टाकीला टेकलेला असायचा. त्यात डॉक्टरनं सांगितलेलं: घास बत्तीस वेळा चावा. शेठ मोजून चावायचे. ज्वारीची पातळ भाकर, मोड आलेले मूग, बिनतेलाची भाजी. भाकर तव्यावरून थेट ताटात हवी, गार झाली की पोटाला जड जाते. पानाबाई एक वाढायच्या, दुसरी थापायच्या. शेवटच्या घासानंतर शेठ पाणी प्यायचे, खिडकीतून बाहेर बघायचे आणि समाधानानं म्हणायचे, "टायमात झालं बरं."

त्यांचं टायमात व्हायचं.

तिसऱ्या वर्षी कधीतरी त्यांच्या ध्यानात आलं की बाई संध्याकाळी जेवताना दिसत नाही.

"अवं, तू जेवत नाही काय?"

पानाबाई ओटा पुसत होत्या. "दिवस बुडाला न आता."

"कालही नाही जेवली."

"कालही बुडाला होता."

शेठांचा चेहरा उजळला. "एकाशन करून राह्यली काय तू? एका टायमाचं जेवन? आन् बोलली नाही मले?"

पानाबाईंच्या हातातलं फडकं क्षणभर थांबलं. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. आपल्या माणसाला इतक्या कौतुकानं आपल्याकडं बघताना त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. फडकं पुन्हा फिरायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठांनी मंदिरात सांगितलं, दुपारी दुकानात सांगितलं, संध्याकाळी वाटेत उभं राहून उदयसिंग मास्तरांनाही सांगितलं. "आमच्या घरी वाटणी आहे मास्तर. मी पळतो, बाई तप करते." पर्युषणाच्या शेवटी समाजानं दोघांना एकाच मंचावर बसवलं. शेठ अकोल्याच्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत साठीवरच्या गटात दुसरे आले होते, त्यांना श्रीफळ. पानाबाईंना शाल आणि श्रीफळ. फोटोत शेठ हसताहेत आणि पानाबाई शालीच्या घडीकडं बघताहेत. शाल तेव्हाच अंगावर जरा मोठी वाटत होती. पण घरात कुणी उपाशी राहिलं तर काळजी करायची की पाया पडायचं, याचं उत्तर शेठांना लहानपणापासून पाठ होतं.

यंदा जानेवारीत पानाबाई मागच्या अंगणात पडल्या. घसरल्या नाहीत की ठेचकाळल्या नाहीत. वाळत घातलेलं लुगडं काढता काढता उभ्या उभ्या खाली आल्या. उजवं मनगट मोडलं. शेठांनी वाशिमला नेलं.

डॉक्टर तरुण होता. त्यानं आधी शेठांकडंच बघितलं. "काका, चौसष्ट म्हणता? वाटत नाही."

"रोज दहा किलोमीटर," शेठ म्हणाले.

डॉक्टरनं पानाबाईंना काट्यावर उभं केलं, रक्त तपासलं, हाताचा फोटो उजेडावर धरला आणि त्याचा आवाज बदलला. रक्त साडेसात. हाडं ठिसूळ. "मावशी, संध्याकाळी काय जेवता?"

"काही नाही."

"म्हणजे?"

"तपस्वी आहे ते," शेठ मध्येच म्हणाले. "एकाशन चालू आहे. तीन-चार वर्षं झाले."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. धर्माच्या गोष्टीत पडायचं नाही, हे तो वाशिममध्ये शिकला असावा. "बघा," तो इतकंच म्हणाला, "शरीराला दोन वेळचं लागतंय." पानाबाई पायातल्या चपलेशी चाळा करत बसल्या होत्या.

त्या संध्याकाळी शेठ धावायला गेले नाहीत. शेजारच्या चंदाबाईंनी शेठांपुरता डबा आणून दिला होता. तो उघडून ते जेवले आणि ताट मागच्या मोरीवर ठेवायला गेले. तिथं रूपाबाई बसली होती. रूपाबाई तांड्यावरून दोन्ही वेळा भांडी घासायला यायची, दहा-बारा वर्षं झाली होती. भांडी घासून झाली होती, तरी ती उठत नव्हती.

"काय व रूपाबाई, काय पाह्यजे?"

"काही नाही. आज भाकरी नाही त म्हटलं इचारावं, उद्यापासून घरून घेऊन येऊ काय."

"कोन्त्या भाकरी?"

"रोजच्या दोन. काकू देते न, निंगताना."

"तुयासाठी टाकते काय ते दोन जास्तीच्या?"

रूपाबाईनं शेठांकडं नीट पाहिलं. माणूस खरंच विचारतोय की नाटक करतोय, हे तिनं आधी ठरवून घेतलं. "माह्यासाठी कायले टाकतीन? थ्या त्याइच्याच असते. सगळ्यात शेवटी टाकते, आपल्यापुरत्या. मंग तुमचं जेवन होयेस्तोवर दिवस बुडून जाते. तुमच्यात शिळं ठेवत नाही, मंग मले देते."

शेठांनी हातातलं ताट मोरीवर ठेवलं.

"एकाशनवाली बाई आपल्यापुरत्या भाकरी कायले टाकन, शेठ?" रूपाबाई पदर खोचत म्हणाली. "मी इचारलं होतं एकदा. काकू, तुमी आंधी जेवून घेत जा. त हासली. म्हणे, मानूस पळून उपाशी येते आन् मी आंधी बसू काय." मग तिला वाटलं, आपण जरा जास्तच बोललो. "मले काय, माह्यं पोट भरे. पन खोटं नाही सांगत, घशाखाली उतरतानी लाज वाटे."

ती गेली. शेठ मोरीपाशी उभेच राहिले. दुकानात गिऱ्हाईक एक वार कमी भरलं म्हणून परत आलं की शेठ आधी आपला मोजायचा गज बघायचे, मग गिऱ्हाईकाचं तोंड. या वेळी बघायला आपलंच तोंड होतं आणि मोरीवर आरसा नव्हता.

पानाबाई पलंगावर टेकून बसल्या होत्या. हात गळ्यात.

"रूपाबाई काय सांगून राह्यली ते खरं आहे?"

"काय सांगितलं तिनं?"

"भाकरीचं."

पानाबाईंनी खिडकीबाहेर बघितलं. "पह्यल्या वर्षी लय भूक लागे," त्या म्हणाल्या. "रातच्याले पानीही नाही न. मंग सवय झाली."

"सांगतलं काहून नाही मले?"

"सांगनारच होती. तुमी इचारलं त्या दिवशी 'दिवस बुडाला' म्हनून सांगतलंच होतं." आवाजात राग नव्हता, म्हणून शेठांना ते जास्त लागलं. "दुसऱ्या दिवशी तुमी साऱ्या मंदिरात सांगून आले. लोक पाया पडाले लागले. मंग काय, खोटं पाडू तुमाले? माह्या मालकाच्या जेवनात टाइम जाते म्हनून उपाशी राह्यतो, असं सांगू बायाइले?"

शेठ पलंगाच्या कडेला बसले. धावून आलेल्या माणसासारखा त्यांना श्वास लागला होता, आणि त्या दिवशी तर ते धावलेही नव्हते.

दुसऱ्या दिवशी चार वाजताच त्यांनी वीरेंद्रच्या हाती दुकान दिलं. बाजारातून जाताना उदयसिंग मास्तर आडवे आले. "शेठ, बूट कुठी आहे? काल दिसले नाही, आज चप्पल."

"काम आहे घरी."

"दोन दिवस सोडलं की आंग सोडून देते बरं, सांगून ठेवतो."

"देऊ द्या," शेठ म्हणाले आणि चालू लागले.

घरी येऊन त्यांनी मुगाची खिचडी लावली. चौसष्ट वर्षांत पहिल्यांदा. डाळ कोणत्या डब्यात आहे हे विचारायला तीनदा आतबाहेर झालं, हळद दोनदा पडली. पण पाच वाजता खिचडी ताटात होती. बाहेर ऊन अजून भिंतीवर होतं. शेठांनी ताट पलंगावर नेऊन पानाबाईंच्या पुढं ठेवलं आणि डाव्या हातात चमचा दिला.

"खा. लय टाइम आहे अजून."

पानाबाईंनी चमचा बाजूला ठेवला आणि डावा हात पसरून ताटावर आडवा धरला.

"नियम आहे माहा."

"आता कायचा नियम? झालं न सगळं बोलनं. कोनाले काही सांगत नाही मी."

"मांगच्या चातुर्मासात मंदिरात माताजी आल्या होत्या न. त्याइच्याकडून घेतला, एकाशनाचा. जलमभराचा."

शेठांना कळायला वेळ लागला. "खरोखरचा?"

"म्हटलं, खायाले त भेटतच नाही. मंग नियम तरी घेऊन टाकावा. निदान धर्मात तरी जमा होईन. तवापासून थ्या दोन भाकरी रूपाबाईच्याच नावाच्या टाकतो."

"आपुन माताजीकडं जाऊ. कारंज्याले आहेत म्हनते. तब्येतीचं सांगू. सोडवता येते असं."

"येते न. मले नाही सोडवाचा."

"अवं, डॉक्टर काय बोलला आयकलं न तू?"

"आयकलं. सकाळी चार घास जास्तीचे खात जाईन. गोळ्याही सकाळी घेईन." मग त्या जरा पुढं सरकल्या. एवढं सलग त्या क्वचितच बोलायच्या. "आंधीचे दिवस तुमच्या घड्याळानं उपाशी राह्यली. थे काही तप नाही, मले मालूम आहे, देवालेही मालूम असन. पन नियम मी माह्या मनानं घेतला. ह्या घरात माह्या मनानं घेतलेली तेवढी एकच गोष्ट आहे. थे नका मोडाले लावू."

शेठांनी ताट उचललं नाही. "मंग मीही नाही जेवत संध्याकाळी. मीही एकाशन करतो आजपासून."

पानाबाई हसल्या. खूप दिवसांनी हसल्या. "शुगरवाल्या मानसानं? चक्कर येऊन पडान, मंग एका हातानं कसं उचलू मी तुमाले? बसा. जेवून घ्या. दिवस हाय तवर."

त्यांनी डाव्या हातानं ताट शेठांकडं वळवलं. शेठ जेवायला बसले. पानाबाई समोर बसून बघत होत्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना उठून काही वाढायचं नव्हतं. खिचडीत मीठ पडायचंच राहून गेलं होतं.

"कशी झाली?"

"चांगली झाली," शेठ म्हणाले. पानाबाई ती चाखणार नव्हत्या, म्हणून हे कधी खोटं ठरण्याची भीती नव्हती.

घास चालू असतानाच त्यांच्या मनात आकडे मांडले जात होते. त्यांना थांबवता येत नव्हतं, हयातभराची सवय. नियम घेईपर्यंतची पाच वर्षं. पहिलं सोडून दिलं, तेव्हा अंतर थोडं होतं. आपण बाहेरगावी होतो ते दिवस सोडले. पावसानं रस्ता बंद होता ते सोडले. पर्युषणाचे दहा दिवस सोडले, ते खरेच उपासाचे. जेवढं जेवढं वजा करता येईल तेवढं त्यांनी केलं, कंजूष गिऱ्हाईकासारखं घासाघीस करून केलं, तरी आकडा बाराशे जेवणांच्या खाली उतरेना. भिंतीवरचं ऊन कोपऱ्यात जाऊन बारीक झालं. पानाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला, शेठांनी तो संपवला आणि या वेळी खिडकीबाहेर बघून काही म्हटलं नाही.

सहा वर्षांत दोघांचे मिळून तेहतीस किलो गेले होते. त्यातले एकोणीस शेठांचे, ते त्यांना नकोच होते. बाकीचे चौदा पानाबाईंचे.