मी बिघडलेलो असतो तर

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. लहान बाळांना झोळीत घालून ज्याला टांगतात ना, तो. पांढरी तबकडी, लाल काटा आणि पोटात एक स्प्रिंग, एवढाच माझा संसार.

जन्म माझा कारखान्यातला, पण आयुष्य गेलं नंदुरबार जिल्ह्यात. इथल्या सपाटीवरची मुलं बाळसेदार आणि डोंगरातल्या पाड्यांवरची मुलं हडकुळी का, याचा अभ्यास रुपाताई करत होत्या. त्यांनीच मला आणलं. तापीकाठच्या गावांत माझं कौतुक व्हायचं. काटा झर्रकन फिरला की एखादी आजी म्हणायची, "ताई, मोठा आवाजमा सांगू नको, दीठ लागी जाई."

मग आम्ही अक्कलकुव्याहून सातपुड्यात चढलो आणि माझी भीती सुरू झाली. इथे काटा फिरतच नसे. जरासा सरके आणि थांबे.

पावसाळ्यातली दुपार होती. एका झोपडीच्या दारात आशा नावाची तरुण आई उभी होती, तान्ह्या मुलीला छातीशी घट्ट धरून. मला पाहताच ती मागे सरली.

"मागेपण असाच काटा आणला होता," ती म्हणाली. "माझ्या मुलाला टांगलं, लिहून नेलं. परत कोणी आलं नाही. मुलगा गेला."

रुपाताईंनी मला खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, "मी परत येईन. आज हिला बघू दे."

मुलीला माझ्या झोळीत ठेवलं. ती रडली नाही. काटा इतका थोडा हलला की रुपाताईंनी मला टिचकी मारली. मीही मनात म्हणत होतो, देवा, मी बिघडलेलो असू दे. त्यांनी लिटरभर पाण्याची बाटली टांगून पाहिली, काटा किलोवर येऊन थांबला. मी अगदी बरोबर होतो.

"हिला आत्ताच दवाखान्यात न्यायचं," रुपाताई म्हणाल्या.

मला पिशवीत कोंबलं. पुढचं मी फक्त ऐकलं. ओढ्याचा आवाज आला, मग पलीकडून जीपवाल्या भाईदासची हाक. "ताई, फरशीवर पानी शे. गाडी तिकडे येणार नही." फरशी म्हणजे ओढ्यातून जाणारा सिमेंटचा बुटका रस्ता.

"बांबू धरा," म्हणत आशाचे सासरे खात्याबाबा पुढे झाले. त्यांच्या बांबूला धरून सगळे पाण्यात उतरले. पाणी पिशवीत शिरलं, माझ्या स्प्रिंगपर्यंत आलं. धारेच्या मध्यावर आशा घोगऱ्या आवाजात म्हणाली, "ताई, ही हलत नाही." कोणी थांबलं नाही. तेवढी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही.

मुलगी वाचली. दवाखान्यात बरेच दिवस राहिली. रुपाताई मला घेऊन पुन्हा पाड्यावर गेल्या, तेव्हा आशाने स्वतः तिला झोळीत ठेवलं. या वेळी ती जोरात रडली आणि काटा चांगला सरकला. नंदुरबारच्या बैठकीत रुपाताईंनी अधिकाऱ्यांना सांगितलं, "या आया अडाणी नाहीत. दवाखान्याच्या वाटेत ओढा आहे."

त्या पाण्याने मी गंजलो. आता कपाटात पडून असतो. ओढ्यावर पूल अजून झालेला नाही. बाहेर पावसाची सर वाजली की वाटतं, आज तिथे कोणाच्या मांडीवर कोण निपचित पडलं असेल?

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कोणी डॉक्टर होईल, कोणी अभ्यासाला निघेल. नवे काटे न्या, त्यांना कोरडे ठेवा, जपा. आणि ज्या लेकराला टांगाल, त्याच्या दारी परत जा.