कुणी हलायचं नाही

"मावशी, ही पुटकुळी झाक आधी. आणि लवकर आटप," आरशात बघत बाळ्या म्हणाला.

मेकअप करणाऱ्या मावशीने हनुवटीवरची टपोरी पुटकुळी बेमालूम झाकली. दुधाचे दात पडत होते तेव्हापासून हा चेहरा तिच्या हाताखालचा. बाळ्या हे नावही तिनेच ठेवलेलं. बाकी सगळे त्याला 'सर' म्हणायचे. मिसरूड न फुटलेल्या पोराला सर! पण त्याच्या जिवावर मालिका चालत होती, त्यामुळे दिग्दर्शकसुद्धा त्याच्यापुढे नमतं घ्यायचा.

आजचा भाग अंतराळयानात वाढलेल्या एका मुलाचा होता. मनात आणेल ते तो घडवायचा. कुणी टोकलं की नुसतं बोट दाखवायचं, समोरचा माणूस गायब.

सेटवर बाळ्या नव्या नटीपुढे फुशारक्या मारत बसला होता. त्याच्या ओठाला केकचं क्रीम लागलेलं मावशीने लांबून पाहिलं. ती तरातरा गेली, सवयीने रुमालाचं टोक ओलं केलं आणि त्याचं तोंड खसाखसा पुसलं.

"काय रे बाळ्या, अजून खाता येत नाही धड?"

नटी फिसकन हसली. बाळ्याचे कान लाल झाले.

"हिला काढा," तो दिग्दर्शकाला म्हणाला. "ही असेल तर मी काम करणार नाही."

सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागले. दिग्दर्शकाने मावशीला बाजूला घेतलं. "चार दिवस घरी बस. तो निवळला की बोलावतो."

असं बोलावणं कधी येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. याआधी दिवेवाला असाच गेला होता, चहावाला गेला होता. तेव्हा मावशीच सांगत फिरली होती, "लहान आहे हो अजून, मनावर घेऊ नका." तेव्हाच एक थोबाडीत दिली असती तर! आज तिला त्याचा फार पस्तावा झाला.

त्या दिवशी नेमकी यानातल्या, गायब व्हायच्या परिचारिकेचं काम करणारी बाई आली नव्हती. तिचे कपडे मावशीला बसत होते. "एवढा शॉट देऊन जा," दिग्दर्शक ओशाळून म्हणाला. मावशी नाही म्हणाली नाही.

माणूस गायब करायची युक्ती साधी होती. कॅमेरा जागचा हलवायचा नाही. 'थांबा' म्हटलं की सगळ्यांनी पुतळे व्हायचं आणि गायब होणाऱ्याने मुकाट्याने चालत निघून जायचं. मधला तुकडा नंतर कापून टाकतात.

बाळ्याने मावशीवर बोट रोखलं.

"थांबा! कुणी हलायचं नाही!" दिग्दर्शक ओरडला.

मावशी निघाली. वाट त्याच्या अगदी जवळून होती.

"मावशी," ओठ न हलवता तो पुटपुटला, "मी नुसतं रागात म्हटलं गं."

ती त्याच्याजवळ जरा रेंगाळली. "मग सांग ना त्यांना."

त्याची नजर नटीकडे गेली. बोट तसंच रोखलेलं राहिलं.

त्याच्या एका शब्दाने अजूनही सगळं मिटलं असतं. मावशी कॅमेऱ्यामागे जाऊन त्यासाठीच थांबली.

"चालू!"

बाळ्याने बोट खाली घेतलं आणि समोरच्या मोकळ्या जागेकडे बघून, ठरल्याप्रमाणे, मोठ्याने हसला. शॉट पहिल्याच फटक्यात ओके झाला. नटी टाळ्या वाजवत त्याच्याकडे धावली.

मावशीने परिचारिकेची टोपी काढून खुर्चीवर ठेवली.