सातवा मनोरा राहिला तो बरा

मित्रांनो, दोन तळहातांत मावणारा एक जुना व्हिडिओ गेम म्हणजे मी. माझा रंग निळा, पण कोपऱ्यांवर आता विटलेला. डावीकडे बेरजेच्या चिन्हासारखं दिशांचं बटण, उजवीकडे दोन गोल बटणं, मध्ये काड्यापेटीहून थोडा मोठा पडदा. पाठीत दोन सेल बसतात आणि डोक्याच्या खाचेत खेळाची कॅसेट. माझ्याबरोबर एकच कॅसेट आली आणि आजतागायत तीच आहे. माझ्या आयुष्यात जे काही बरंवाईट घडलं ते तिच्यामुळे.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत, पांढऱ्या दिव्यांखाली झाला. केसांवर टोप्या घातलेल्या बायका रांगेने बसून माझ्या शेकडो भावंडांची जुळणी करत होत्या. रांगेतल्या शेवटच्या बाईने माझं प्रत्येक बटण तीन तीन वेळा दाबून पाहिलं, मान डोलावली आणि पाठीवर ‘पास’ असं लिहिलेला एक गोल कागद चिकटवला. अभ्यास न करता पास झालेला मी पहिलाच नसेन, पण मला त्या कागदाचा फार अभिमान होता.

माझी पहिली मालकीण दहा वर्षांची होती. माझ्या कॅसेटमधल्या गोष्टीत एक राजपुत्र, एक जादूगारीण आणि एक लठ्ठ वैद्य असे तिघे सात मनोरे चढून राज्याची चोरीला गेलेली घंटा परत आणायला निघतात. मुलगी तिसऱ्या मनोऱ्यापर्यंत गेली. मग तिला पोहायचा नाद लागला आणि तिने मला खोक्यात ठेवून दिलं. मला फार वाईट वाटलं. वाळलेली पेनं आणि तुटक्या खोडरबरांच्या सोबतीत मी वीस वर्षं काढली. पण एक गोष्ट तिने शहाणपणाची केली होती. ठेवताना माझे सेल काढले होते. मित्रांनो, पोटातले सेल झिरपून माझी किती भावंडं आतून गंजली, याची गणती नाही. त्या मुलीच्या त्या एका सवयीमुळे मी आज तुमच्याशी बोलतो आहे.

वीस वर्षांनी खोकं उघडलं तेव्हा ती मुलगी मोठी झाली होती. दुखापत झालेल्या हातांना व्यायाम शिकवायचा, हे तिचं काम होतं. तिने मला पुसलं, नवे सेल घातले आणि थेट आपल्या मामाच्या हातात दिलं.

हे मामा काचेचं काम करायचे. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. खिडक्यांच्या काचा, आरसे, कपाटांची दारं, सगळं ते स्वतः कापून बसवायचे. चौकट एका मिलिमीटरने वाकडी असली तरी काच बसवण्याआधी घरमालकाला चौकटीपाशी उभं करून ते त्याला तिचा दोष समजावून सांगत, म्हणून सगळे त्यांना मिलिमीटरमामा म्हणत. एके दिवशी स्टँडवरून मोठी काच काढताना ती सटकली. पडणारी काच कधी धरू नये, हे मामांनीच आजवर दहा जणांना शिकवलं होतं. पण हात पुढे गेला तो गेलाच. उजवा अंगठा वाकवणारी आतली दोरीच तुटली. डॉक्टरांनी ती जोडली आणि पुढचं काम भाचीकडे आलं.

“मामा, रोज वीस मिनिटं ही बटणं दाबायची,” ती म्हणाली. “अंगठा मोकळा होईल.”

“तू पूर्ण केला होतास का हा खेळ?” मामांनी विचारलं.

“छे! तिसऱ्या मनोऱ्यावर सोडला.”

“अर्धवट?” मामांच्या कपाळाला आठी पडली. “हातात घेतलेलं अर्धवट टाकायचं नाही, बाळ. मी दाखवतो तुला पूर्ण करून.”

पहिले काही दिवस अंगठा अर्धाच वळायचा. एक बटण दाबायला मामांना दोनदा दम घ्यावा लागायचा. पण माझा खेळ मोठा शांत. राजपुत्र सात-आठ पावलं चालला की पडदा लखलखतो, बारा सुरांची एक धून वाजते आणि समोर शत्रू उभे राहतात. मग तुमची वेळ येते. मारा, मंत्र, ढाल, पळा, या चारांतून एक निवडायचं. मग शत्रू आपलं काय ते करतो. मग पुन्हा तुमची वेळ. दुखऱ्या अंगठ्यासाठी याहून चांगला खेळ कुठला? महिन्याभरात अंगठा बराचसा वळू लागला आणि भाचीने माझं तोंड भरून कौतुक केलं. माझी छाती फुगली.

वीस मिनिटांचा एक तास झाला, तो आमच्या दोघांच्याही लक्षात आला नाही. मग तासाचे तीन झाले. पहिल्या मनोऱ्यात चिखलाचे हिरवे गोळे होते. दुसऱ्या मनोऱ्यात तेच गोळे निळे होऊन आले. तिसऱ्यात गुलाबी, डोक्यावर टोपी.

“अगं, हे तर तेच!” मामा मामींना म्हणाले. “नुसता रंग दिलाय वरून.”

“मग कशाला मारताय पुन्हा?” मामींनी विचारलं.

“ताकद वाढवावी लागते. त्याशिवाय चौथा मनोरा उघडत नाही.”

ताकद वाढवायची म्हणजे एकाच कुरणात येरझारा घालायच्या. सात पावलं, लखलखाट, बारा सूर, मारा, मारा, मंत्र. सात पावलं, लखलखाट, आणि ये रे माझ्या मागल्या. मामींना ती धून इतकी पाठ झाली की त्या पीठ मळतानाही गुणगुणायच्या आणि मग स्वतःवरच वैतागायच्या.

तिसऱ्या महिन्यात भाचीने अंगठा तपासला. “मामा, आता दुकानात जायला हरकत नाही. आधी लहान काचा घे.”

“जातो. चौथा मनोरा होऊ दे.”

चौथा झाला. मग पाचवा होऊ दे, असं ठरलं. दुकान मामी एकट्या सांभाळत होत्या. त्या मापं घेत, चौकटी विकत, पण काच कापायला दुसऱ्या वस्तीतल्या कारागिराकडे पाठवावी लागे. आणि वाचनालयाची गोल काच तो कारागीरही घेईना. वादळात वाचनालयाच्या दर्शनी भिंतीतली मोठी गोल खिडकी फुटली होती. तिथल्या ग्रंथपालबाई तीनदा दुकानात येऊन गेल्या.

“पुठ्ठा लावलाय,” त्या म्हणाल्या. “लोक भर दिवसा दिवे लावून वाचतात. कुणीतरी त्या पुठ्ठ्यावर पेनाने सूर्य काढलाय. आता काय बोलू?”

मामा आत बसून सगळं ऐकत होते. त्यांना खेळाचं वेड लागलं आहे, असं सगळे म्हणत. पण मी त्यांच्या हातात होतो, मला खरं ठाऊक होतं. दुकानातून काचेचा जरा आवाज आला की त्यांचा अंगठा माझ्या बटणावर ताठ होऊन राहायचा. घरातल्या काचेच्या पेल्यातून पाणी पिणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. माझ्या मनोऱ्यांत त्यांना कसली इजा होत नव्हती. हरले तरी राजपुत्र गावात परत उठून बसायचा. खरं सांगायचं तर खेळाचा कंटाळा त्यांना चौथ्या मनोऱ्यातच आला होता. जांभया देत ते खेळायचे. तरीही खेळायचे. माझं उजवं बटण खचलं, दाबलं की कुरकुरायला लागलं. मीही थकलो होतो, मित्रांनो. पण बटण दाबलं की मी मारणार, याखेरीज मला दुसरं काय येतं?

एका रविवारी दुपारी मामांनी सहाव्या मनोऱ्यावरच्या राक्षसाला पाडलं. त्या एका लढाईला तासभर लागला. मामा ताठ बसले. पडद्यावर अक्षरं उमटली : ‘शाब्बास! पण घंटेचे तुकडे झाले आहेत. ते गोळा करण्यासाठी सहाही मनोरे पुन्हा पहिल्यापासून चढा. मगच सातवा उघडेल.’

मामांनी ते तीनदा वाचलं.

“पहिले पाढे पंचावन्न!” ते पुटपुटले. तरी सवयीने त्यांनी राजपुत्राला पहिल्या मनोऱ्यापाशी नेलं. सात पावलं, लखलखाट, बारा सूर. चिखलाचे चार गोळे. या वेळी काळे, डोक्यावर मुकुट घातलेले.

तेवढ्यात दुकानातून काच तडकल्याचा आवाज आला.

“काय झालं?” मामा ओरडले.

“काही नाही. कापतेय,” मामींचा आवाज आला.

“कापायच्या चाकाला तेल लावलंस?”

“लावलं.”

“मग जोर जास्त दिलास.”

“बाहेर येऊन सांगा की.”

“येतो. एवढी लढाई होऊ दे.”

“होऊ दे हो. मी बाईंना सांगून टाकलंय, गोल काच मीच कापून देते म्हणून. त्यांचा विश्वास बसला नाही. माझाही नाही बसलेला, पण आता बोलून बसले.”

मग मामांना तो आवाज ऐकू आला. मोठी काच स्टँडवरून सरकताना होतो तो, लांब, दबका. मामी ती एकट्याने उचलत होत्या. मामांच्या तळव्याला एका क्षणात घाम फुटला, तो माझ्या पाठीला लागला.

मी थांबलो होतो. पडद्यावर चार पर्याय लुकलुकत होते, गोळे जागच्या जागी डुलत उभे होते. मी कितीही वेळ थांबू शकतो. दिवसभर कुणी काही निवडलं नाही तरी माझ्या गोळ्यांचं काही बिघडत नाही. स्टँडवरून निघालेली काच मात्र थांबत नाही.

मामांनी मला पलंगावर टाकलं आणि ते धावले.

“सोडू नकोस! आलो, आलो. माझ्याकडे झुकव. तळवा खाली घाल, अंगठा बाहेर. हं. आता चल.”

काच टेबलावर टेकल्याचा आवाज आला. मग मामींचं रडणं ऐकू आलं, आणि रडता रडता हसणं.

“किती थरथरताय,” त्या म्हणाल्या.

“तूही,” मामा म्हणाले.

ते आत आले तेव्हा माझी धून वाजतच होती. त्यांनी मला उचललं आणि भाचीला फोन लावला.

“बाळ, मी तुझा खेळ सोडतोय,” ते म्हणाले. आवाज एखादा गुन्हा कबूल केल्यासारखा. “सातवा मनोरा राहिला. दोनशे त्र्याऐंशी तास खेळलो, पण आता नाही होत. तेच ते आहे सगळं.”

पलीकडून भाची खळखळून हसली. “मामा, मी दहाव्या वर्षी सोडला. काय बिघडलं माझं?”

“पण हातात घेतलेलं...”

“मी तुला घंटा आणायला पाठवलं होतं का? अंगठ्यासाठी दिला होता. वळतो ना अंगठा?”

मामांनी अंगठा करंगळीच्या मुळाशी टेकवून पाहिला. “वळतो.”

“मग झालं की तुझं काम.”

मामांनी इतका मोठा श्वास सोडला की माझा पडदा धुरकटला. त्यांनी तो बाहीने पुसला, बटण सरकवलं, आणि बारा सुरांची ती धून सातव्या सुरावर तुटली. मित्रांनो, कुणी आपल्याला अर्धवट सोडलं तर वाईट वाटतं, असं मी वीस वर्षं समजत होतो. त्या दुपारी मात्र माझा जीव भांड्यात पडला. खचलेलं बटण हळूहळू वर आलं. घर शांत होतं. मामी कणीक मळत होत्या आणि बऱ्याच दिवसांनी दुसरंच काहीतरी गुणगुणत होत्या.

दुसऱ्या दिवशी मामांनी मला दुकानातल्या फळीवर, पुट्टीच्या डब्याशेजारी ठेवलं. तिथून मी सगळं पाहिलं. पहिली पट्टी वेडीवाकडी तुटली. दुसरीचा कोपरा उडाला. मामा थांबले, तळहात पँटला पुसले आणि मामींना म्हणाले, “तू समोर उभी राहा. बोलत राहा.” मामी ग्रंथपालबाईंची नक्कल करत राहिल्या. तिसरी पट्टी सरळ निघाली. आठवडाभर ते फक्त पट्ट्या कापत होते. मग मोठी काच टेबलावर आली, मध्यावर रबराची चकती बसली आणि तिच्याभोवती कापायचं चाक एका दमात फिरलं. कर्रर्र असा बारीक, सलग आवाज. मामांनी खालून हळूच ठोकत ठोकत गोल सुटा केला. अंगठा दुखत होता, ते मधूनमधून तो चोळत होते. पण तोंडाने शीळ चालू होती.

काच बसवली त्या दिवशी मी तिथे नव्हतो. मामींनी भाचीला सांगितलं ते ऐकलं. काच बसल्यावर मामांनी ग्रंथपालबाईंना हाताला धरून खिडकीपाशी नेलं आणि चौकट वर दोन मिलिमीटरने चपटी आहे, हे सविस्तर समजावलं. बाईंना ते ऐकूच येत नव्हतं. त्या उन्हात उभ्या होत्या. तो सूर्य काढलेला पुठ्ठा त्यांनी ठेवून घेतला म्हणे.

भाची मला परत घेऊन गेली. आता मी तिच्या व्यायामाच्या खोलीत असतो. गेल्या महिन्यात तिथे एक निवृत्त बसचालक आले, बोटं आखडलेली. माझ्या कॅसेटमध्ये दोघांचेच प्रवास मावतात. एका जागेवर आधीपासून एक आजी खेळतात, दुसरीवर मामांचे दोनशे त्र्याऐंशी तास होते. भाचीने मामांना फोन केला.

“मामा, तुझा राजपुत्र पुसू का? सहा मनोरे चढलाय, म्हणून विचारते.”

“पूस, पूस,” मामा घाईने म्हणाले. “आणि फोन ठेव बाई, काच अर्धी कापलीय माझी.”

भाचीने बटण दाबलं. मला वाटलं होतं, आत कुठेतरी कळ येईल. तसं काही झालं नाही. एक जागा मोकळी झाली, एवढंच.

तेव्हा मित्रांनो, आम्हां यंत्रांना जपा. कोरड्या मऊ फडक्याने पुसा, उन्हात टाकू नका, खाऊने चिकट झालेल्या बोटांनी बटणं दाबू नका. आणि आमचा कंटाळा आला तर खुशाल बंद करा. आम्ही रागावत नाही, उलट आमच्या बटणांना विसावा मिळतो. कदाचित तुमच्याही घरात तुमच्या वाट्याच्या काचेचं एक टोक धरून कुणीतरी उभं असेल. आधी तिकडे जा.