आरसा औषध नसतो

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. वडनेरच्या एका घरात ओसरीच्या खांबाला टांगलेला असतो. माझ्या एका कोपऱ्यातला पारा उडाला आहे आणि पत्र्याच्या चौकटीला गंज चढला आहे. मी औषध नाही. हे सगळ्यांत आधी सांगतो, कारण माझ्या गावात ते अजून पुष्कळांना पटलेलं नाही.

मी कुठल्या कारखान्यात घडलो ते मला आठवत नाही. आठवतो तो हिंगणघाटचा आठवडी बाजार. एका पालाखाली कंगवे आणि टिकल्यांच्या पाकिटांशेजारी मी मांडलेला होतो. नुकतंच लग्न झालेल्या बंडूजींनी मला उचललं, तोंड पाहिलं आणि दुकानदाराला म्हणाले, "याच्यात मी जरा बरा दिसून राह्यलो. हाच दे."

त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई मागून म्हणाल्या, "आरसा बदलून तोंड बदलते का कुठं?"

तेव्हापासून मी या घरात आहे. बंडूजी भाजीपाला पिकवायचे. वांगी, टमाटे, सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. वावरात पाणी देऊन आले की माझ्यासमोर उभे राहून दाढी करायचे आणि गाल फुगवून मलाच वाकुल्या दाखवायचे. मनकर्णाबाई माझ्यात पाहून कुंकू लावायच्या. त्यांची मुलगी रंजिता आधी पाटावर चढून, मग टाचा उंचावून, मग नुसती उभी राहून वेण्या घालू लागली. पुढे ती शिक्षिका झाली आणि लग्न होऊन बोरगाव मेघेला राहायला गेली. आरशाचं आयुष्य याहून मोठं नसतं. मला ते पुरेसं होतं.

मग माझी कीर्ती झाली.

शेजारच्या कवडूंचं तोंड एका सकाळी वाकडं झालं. डोळा मिटेना, चूळ भरली की पाणी एका बाजूनं गळे. पण त्यांचे हातपाय धड होते आणि शिव्याही स्पष्ट येत होत्या. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, चेहऱ्याची नस सुजली आहे, बहुतेक वेळा ही उतरते. गोळ्या दिल्या. गावात मात्र एकच बोललं गेलं: तोंडावरून वारं गेलं. वारं गेलेल्या माणसानं आरशात पाहत तोंड सरळ करत बसावं, असं आमच्याकडे म्हातारी माणसं सांगत आली आहेत. कवडूंच्या घरचा आरसा फुटलेला, म्हणून मला नेलं. ते रोज माझ्यासमोर बसून ओठ ओढत राहिले आणि काही आठवड्यांनी तोंड जागेवर आलं.

गोळ्यांचं नाव कवडूंनी कोणापाशी काढलं नाही. सगळं श्रेय मला दिलं. कोणीतरी माझ्या चौकटीला हळद-कुंकू लावलं. "बंडूजीचा आरसा लय गुणाचा," असं लोक म्हणू लागले. मित्रांनो, स्तुती ऐकून माणसं फुगतात. मी नाही फुगलो, पण मला नाही म्हणताही आलं नाही. काचेला तोंड नसतं.

बंडूजींचा रक्तदाब वाढलेला होता. दवाखान्यातून रोजची गोळी मिळाली होती. थोडे दिवस घेतली, मग पाकीट माझ्या मागे खोचून ठेवलं.

मनकर्णाबाईंनी विचारलं, "गोळी काऊन नाई घेत?"

"डोकं दुखत नाई, चक्कर येत नाई. बिमारीच नाई त गोळी कायची?"

"डॉक्टरनं रोज सांगतली ना."

"त्याले काय जाते सांगाले!" असं म्हणून त्यांनी खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, पुडी उघडली. मीठ कमी करा, खर्रा सोडा, हेही दवाखान्यातच सांगितलं होतं. रक्तदाब दुखत नाही, हीच त्याची लबाडी आहे. रोज समोर उभा राहणारा तांबूस, हसरा चेहरा पाहून मलाही आतलं काही कळत नव्हतं.

त्या सकाळी ते दाढी करत होते. अर्धा गाल झाला आणि उजव्या हातातून वस्तरा खाली पडला. ते हसले. हसू डावीकडेच आलं. उजवीकडचा ओठ जिथे होता तिथून खाली घसरला. मी पाहिलं. सगळ्यांच्या आधी मी पाहिलं.

त्यांनी बायकोला हाक मारली, पण शब्द तोंडातच लोळले.

"खर्रा थुकून बोला," मनकर्णाबाई आतून म्हणाल्या. बाहेर आल्या तेव्हा तोंडात खर्रा नव्हता.

कवडू धावत आले. मनानं वाईट माणूस नाही, हेही सांगायला हवं. "वहिनी, घाबरू नोका. वारं गेलं. मले नाई झालतं? बंडूभाऊ, बसा. आरशात पाहा, तोंड सरळ करा."

मला खांबावरून काढून बंडूजींच्या हातात दिलं. उजवा हात मला धरू शकला नाही, मी मांडीवर घसरलो. कवडूंचा हात कधी असा पडला होता? त्यांची जीभ कधी अशी लोळली होती? एवढा फरक ओसरीवर जमलेल्या एकालाही दिसला नाही. मनकर्णाबाईंनी मला धरून ठेवलं. कोणी जवसाचं तेल कोमट करून आणलं. कोणी चहा पाजला, तो ठसक्यानं बाहेर आला.

"दवाखान्यात न्यायचं का?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"सुई टोचली त वारं आत बसते," कवडू म्हणाले. "मी बाजार करून येतो, तवरीक होते सरळ. अन् पोरीले फोन करू नोका, उगाच घाबरन."

कवडूंची पिकअप दारातच उभी होती. तिच्यात गावभरच्या भाजीची कॅरेटं होती, बंडूजींची वांगीही होती. पिकअप निघाली. हिंगणघाटवरूनच सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्याकडे रस्ता जातो. मित्रांनो, त्या दिवशी वांगी वेळेवर पोचली.

बंडूजी माझ्यात पाहत राहिले. सांगितलं म्हणून ओठ ओढत राहिले. मला डोळे मिटून घेता येत नाहीत.

दुपार कलल्यावर मनकर्णाबाईंना राहवलं नाही. त्यांनी रंजिताला फोन लावला.

"आई, बाबा हात वर करते का?"

"एकच करते."

"बोलते का?"

"काय बोलते ते समजत नाई."

"कवापासून?"

"सकाळपासून."

"आई, आताच्या आता बाबाले सेवाग्रामले ने!"

दुसऱ्याच कोणाच्या ऑटोतून त्यांना सेवाग्रामला नेलं. पुढचं मी रंजिताच्या तोंडून ऐकलं, बंडूजींच्या तेराव्यानंतर, याच ओसरीवर. मेंदूच्या नसेत रक्ताची गुठळी अडकली होती. डोक्याचा फोटो काढून, रक्तस्राव नाही हे पाहून, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात. ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि जितकं लवकर तितकं बरं. "ज्या सुईले तुम्ही भेले," रंजिता कवडूंना म्हणाली, "तेच पाह्यजे होती." एवढंच बोलली. कवडू मान खाली घालून गेले.

मला पुन्हा खांबावर टांगलं, पण कोणी माझ्याकडे पाहीना. मनकर्णाबाई कुंकवाची डबी ठेवायच्या ती जागाही रिकामी झाली. धूळ बसली. बसू दे, म्हटलं.

आणि एका सकाळी कवडू पुन्हा आले. अनवाणी, धापा टाकत. त्यांच्या बायकोचं, प्रमिलाबाईंचं, तोंड वाकडं झालं होतं. ते सरळ माझ्याकडे आले आणि त्यांनी माझ्या चौकटीला हात घातला. होय मित्रांनो, एवढं होऊनही. घाबरलेला माणूस शिकलेलं विसरतो आणि ऐकलेलं धरतो.

मनकर्णाबाईंनी त्यांचं मनगट पकडलं. "आरसा ठेव."

"वहिनी, तिचं तोंड..."

"हात उचलते का ते? बोलते का नीट?"

"हात लोंबला. बोलणं बोबडं..."

"तुह्या दारात गाडी उभी हाय ना? काढ! माह्या टायमाले भरून गेलती, आता रिकामी कर!"

त्या स्वतः गेल्या. पिकअपमधली टमाट्यांची कॅरेटं त्यांनी रस्त्यावर ओढून टाकली. मागून कोणी पाणी घेऊन आलं, तर ओरडल्या, "तोंडात काही घालू नोका तिच्या! अन् कवडू, कवा झालं ते डॉक्टरले बरोबर सांगजो." रस्ताभर टमाटे पसरले आणि गाडी त्यांच्यावरून गेली.

प्रमिलाबाई परत आल्या. पाय थोडा ओढतो, पण स्वतःच्या पायांनी येतात, बोलतात. ओसरीसमोरून जाताना म्हणतात, "मनकर्णा, चहा झाला का?" मनकर्णाबाई कधी हो म्हणतात, कधी तशाच आत जातात. आत जाताना त्यांचा चेहरा माझ्यात दिसतो. दोन घरांत एका भिंतीचं अंतर आहे. हा फरक देवानं केला नाही. वाऱ्यानंही केला नाही.

म्हणून मित्रांनो, मला प्रेमानं पुसा वगैरे मी म्हणणार नाही. घरी आजी-आजोबा असतील, आई-बाबा असतील, त्यांची रक्तदाबाची गोळी चुकली का ते रोज विचारा. बरं वाटतंय म्हणून ती सोडू देऊ नका. कोणाचं तोंड अचानक एका बाजूला झुकलं, एक हात खाली पडला, बोलणं अडखळलं, तर यातली एकच गोष्ट दिसली तरी थांबू नका. थोड्या वेळानं आपोआप बरं झालं तरी थांबू नका. कवडूंसारखी नुसती नस असेल तर डॉक्टर तसं सांगतील. ते ओसरीवर बसून ठरवू नका. १०८ ला फोन लावा. मोठी माणसं वारं म्हणाली, उद्या पाहू म्हणाली, तर तुम्ही लहान असूनही मोठ्यानं ओरडा. उद्धट म्हणतील. म्हणू द्या.

माझ्याकडे दाढी करायला या, वेणी घालायला या, वाकुल्या दाखवायला या. तोंड वाकडं झालं तर मला खांबावरून काढू नका. गाडी काढा.