पांढरं हाड

"श्वास रोखून धर," इग्नेशियस म्हणाला.

"कधीचा रोखलाय. तू बटन दाब ना," ज्युलिया टेबलावरून म्हणाली.

अंधेरीच्या इस्पितळात एक्स-रे काढण्यात इग्नेशियसची वीस वर्षं गेली होती. अर्ध्या मरोळ गावाची हाडं त्याने पाहिली होती. आपल्या फोटोत हाड पांढरंशुभ्र येतं याचा त्याला अभिमान होता, आणि तो जरा जास्तच होता. टेबलावर आज त्याची बायको होती. सहा वर्षं संधिवाताने तिचे सांधे सुजलेले, आणि आता पाठही धरलेली.

वर्षभरापूर्वी तिच्या पाठीच्या पहिल्या फोटोत मणके काळपट आले होते. हाड विरळ झालं की फोटोत काळं पडतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? पण ज्युलिया वाळली होती. वाळलेल्या अंगाला मशीनचा जोर कमी लागतो, असं त्याने स्वतःला समजावलं, तो फोटो टाकून दिला आणि कमी जोरावर दुसरा काढला. हाड पांढरं आलं. पुढच्या खेपेला जोर आणखी कमी केला. खरं सांगायचं तर त्याला ते काळं हाड बघवत नव्हतं, दुसरं काही नाही.

आज, १९७४च्या एप्रिलातही, त्याने तेच केलं. ओली फिल्म खिडकीपाशी धरून तिला दाखवली.

"बघ. तरण्या पोरीचं हाड आहे. झकास."

"मग मे महिन्यात मसाला कुटायला जाऊ ना? विनी दोन वर्षं माझ्या वाटचं कुटते. जावेकडून मसाल्याच्या आयत्या बाटल्या घ्यायला लाज वाटते रे."

"जा की."

डॉक्टर कोठाऱ्यांनीही फोटो पाहून मान डोलावली.

ज्युलिया हौसेने गेली. अंगणात लाकडी उखळ, भोवती चौघी बायका, सगळ्यांना मिरच्यांचा ठसका लागलेला. चार घाव घातले असतील नसतील, ती मुसळ सोडून पाठ धरून खाली बसली. तिला उचलूनच घरात न्यावं लागलं.

या वेळी फोटो काढताना डॉक्टर शेजारी उभे होते. इग्नेशियसने ठरलेला पूर्ण जोर लावला. फोटोत तीन मणके चेपलेले होते, आणि बाकीचे इतके पुसट की शोधावे लागत होते.

"संधिवातात रक्तातल्या पांढऱ्या पेशी सांध्यात जमतात," डॉक्टर म्हणाले. "त्यांचं काम रोगाशी लढायचं. पण त्या एक द्रव्य सोडतात. निरोपच म्हणा. तो मिळाला की हाड खाणाऱ्या पेशी जोरात कामाला लागतात, आणि बांधणाऱ्या मागे पडतात. दोन वर्षांपूर्वीच अमेरिकेत कोणाला तरी हे सापडलंय."

"म्हणजे तिच्याच रक्ताने तिचं हाड खाल्लं?"

"तसा अंदाज आहे."

"औषध?"

"अजून त्या द्रव्याची धड ओळख पटलेली नाही, औषध कुठलं. पण एप्रिलमध्ये हाड चांगलं होतं हो. महिन्यात एवढं कसं झिजलं?"

इग्नेशियसने फोटो टेबलावर ठेवला.

"चांगलं नव्हतं, साहेब. मी जोर कमी करत होतो."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "मला कळलं असतं तरी मी काय मोठं केलं असतं? पट्टा दिला असता. मुसळ उचलू नका म्हटलं असतं."

एवढंच तर पुरलं असतं.

ज्युलियाला त्याने सगळं सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ दे. तुला वाटलं मी बरी आहे." पडून पडून तिच्या छातीत कफ भरला आणि ऑगस्टात ती गेली.

सुतार ग्रेगरी शवपेटीचं माप विचारायला आला.

"पाच फूट दोन इंच," इग्नेशियस लगेच म्हणाला. लग्नाच्या आधी त्यानेच दारापाशी उभं करून तिची उंची मोजली होती.

विनी हळूच म्हणाली, "भाऊजी, एकदा मापून घेऊ या ना."

"मला माहीत आहे ना."

पेटीत ठेवल्यावर ज्युलियाच्या पायाशी वीतभर जागा उरली; मणके चेपत जाऊन ती तेवढी आखूड झाली होती. सगळे तिकडे बघून नजर वळवू लागले.

"कापून लहान करू काय? अर्धा तास लागेल," ग्रेगरीने विचारलं.

"नको. एवढी होती ती."

इग्नेशियसने कपाटातून तिचं लग्नातलं लाल लुगडं काढलं, नीट घडी केली आणि त्या जागेत बसवलं.